काकूची दुपार

आमच्या घरात काकू मोठ्या बाबांशी बोलत नाही. भांडण नाही, अबोला नाही. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, काकूचे भासरे, आणि धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी तोंडावर बोलायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत. शेजारपाजारच्या घरांतून ती कधीच गेली. आमच्या घरातून तिला कुणी जा म्हटलं नाही, म्हणून ती राहिली. त्यामुळे मोठे बाबा ओसरीवर, काकू आतल्या दाराशी आणि मधे कुणीतरी लागतं. लहानपणापासून ते मधलं माणूस मी आहे. "भासऱ्याइले सांग, चहा झाला," असं काकू मला म्हणणार. मोठ्या बाबांनी ते ऐकलेलं असणार. तरी मी ते पुन्हा सांगणार आणि मग ते मला म्हणणार, "तिले म्हणा, साखर कमी टाकजो." काका, म्हणजे काकूचा नवरा, या सगळ्यातून अंग काढून गुरांकडे जातो.

माझं पोटापाण्याचं काम कॉम्प्युटरचं. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी धामणगाव बढ्यात, आमच्या घराच्या माडीवर बसून प्रोग्राम लिहिते. कंपनीचं काम संपलं की स्वतःचं एक काम करते, आणि खरा जीव त्याच्यात आहे. ते काम काकूच्या शेडनेटसाठी सुरू झालं.

शेडनेट म्हणजे हिरव्या जाळीचा मोठा मांडव. आमच्या वावरात विहिरीजवळच्या तुकड्यात काकूनं तो उभा केला आणि त्याच्याखाली ट्रेमध्ये मिरचीची रोपं करायला घेतली. आमच्या मोताळ्याकडे मिरची लावणारे गल्लोगल्ली, पण रोपं आणायची दूरवरून. काकूचं म्हणणं साधं होतं: "आपल्या मातीतले लोकं, आपली मिरची, अन् रोपं काऊन दुसऱ्याइच्या गावचे?" पहिल्या वर्षी ऐन मे महिन्यात उन्हानं निम्मी रोपं करपली. तेव्हा मोठे बाबा ओसरीवरून मला म्हणाले, "तिले सांग, अजून एक उन्हाळा पाहू. पुढच्या साली बी गेले तर नेट काढून घेऊ. खांब गोठ्याले कामी येतीन." आतून काकूचा आवाज आला, "हाव म्हणा त्याइले." एवढाच करार. पण काकू त्या दिवशी भाकरी थापताना गप्प होती, आणि गप्प काकू मला अजिबात आवडत नाही.

म्हणून मी फॉगरचा प्रोग्राम लिहिला. जाळीखाली उंचावर बारीक तोट्या बसवल्या होत्या, त्यांतून धुक्यासारखं पाणी उडतं, ते फॉगर. एका छोट्या बोर्डाला तापमान मोजणारा सेन्सर लावला. ऊन वाढलं की बोर्डानं व्हॉल्व्ह उघडायचा, धुकं सोडायचं आणि आकडा उतरला की बंद करायचा. सेन्सर बिघडला तर व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, नाहीतर रोपं पाण्यात बुडतील. प्रोग्राम नीट चालायला लागल्यावर मी तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. ज्याला हवा त्यानं घ्यावा, बदलावा, वापरावा.

"फुकट काऊन देऊन राह्यली?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"मी पण फुकटच घेतला आहे," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. माझा प्रोग्राम म्हणजे वरचा एक थर. सेन्सरकडून आकडा घेण्याचा भाग मी लिहिलेलाच नव्हता. तो एका थंड देशातल्या माणसानं स्वतःच्या काचघरासाठी लिहून असाच मोकळा ठेवला होता. आमच्या धंद्यात ज्यांच्याकडून आपण घेतो त्यांना अपस्ट्रीम म्हणतात. मी मनात त्यांना 'वरचे' म्हणते. वरच्यांकडून मी घेते, आणि माझ्याकडून खालचे घेतात. लोणारचा एक रोपवाटिकावाला माझा प्रोग्राम वापरत होता, आणि मला न मागता सल्ले देत होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात रोपं छान उगवून आली. काकू रोज मोबाइलवर फोटो काढायची, सगळे सारखेच. मग ऊन तापलं आणि फॉगर ऐन दुपारी बंद पडायला लागले. सकाळी चालू, संध्याकाळी चालू, आणि रोपं माना टाकतात तेव्हाच नेमके बंद. बोर्डावर लिहून येई: सेन्सर तपासा.

मी सेन्सर बदलला. दोन दिवस आभाळ होतं, ठीक चालला. मग पुन्हा तेच. मी मलकापूरहून दुसऱ्या दुकानातला आणला. काका म्हणाला, लाईनचा दोष. काकाच्या मते जगातल्या सगळ्या दोषांचं मूळ लाइनीत आहे. मी व्होल्टेज मोजलं, तोट्या साफ केल्या, तार बदलली. काकू हे सगळं बघत होती. शेवटी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय वं, समदे सेन्सर दुपारीच काऊन बिघडतात? त्याइले का झोप लागते?"

मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. मला राग लवकर येतो आणि बहुतेक वेळा अशाच जागी येतो.

लोणारच्या माणसाला फोन केला. "आमच्याकडं तर बरोबर चालतंय की ताई," तो म्हणाला. "तुमचंच काहीतरी चुकत असंल." वर आणखी तार कशी जोडावी हे सांगितलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ चरफडत होते, आणि चरफडतानाच डोक्यात आलं की लोणार घाटावर आहे. आम्ही घाटाखाली. आमचा अख्खा जिल्हा या एका घाटानं दोन हवामानांत तोडला आहे. बुलढाण्याला माणसं संध्याकाळी हवा खायला बाहेर पडतात, त्या वेळी मोताळ्यात पंखा गरम वारा फेकत असतो. तोच सेन्सर, तोच प्रोग्राम, घाटावर चालतो आणि घाटाखाली झोपतो. म्हणजे दोष तारेत नव्हता, उन्हाशी त्याचं काहीतरी होतं.

पाटाचं पाणी आपल्या वावरात कमी आलं तर माणूस आपल्याच सरीत उकरत बसत नाही, पाट धरून वर चालत जातो. मी इतके दिवस आपल्याच सरीत उकरत होते. मग मी माझा प्रोग्राम बाजूला ठेवला आणि त्या वरच्या माणसाचं लिखाण ओळ-ओळ वाचायला घेतलं. सापडलं ते फार वेळ न लागता. एका जागी त्यानं लिहिलं होतं की आकडा बेचाळीसच्या वर गेला तर तो खोटा समजावा, सेन्सर बिघडला असं सांगावं. शेजारी त्याचीच टीप होती: काचघरात इतकं तापमान असूच शकत नाही.

मी ते काकूला वाचून दाखवलं. काकू पदर तोंडाला लावून हसली. "असू शकत नाही म्हणते? त्याले म्हणा, ये एकडाव मे महिन्यात. जेवाले घालतो, वरतून मठ्ठा पाजतो."

आता यावर दोन वाटा असतात. एक, त्याचं लिखाण उतरवून घ्यायचं, आपल्यापुरती ती ओळ खोडायची आणि गप्प बसायचं. म्हणजे वेगळी चूल मांडायची. वेगळी चूल मांडायला एक दुपार पुरते. पुढे रोजचं सरपण आपल्यालाच आणावं लागतं, कारण वरचा माणूस पुढं जे काही सुधारेल ते आपल्या चुलीपर्यंत येत नाही. दुसरी वाट म्हणजे त्याला कळवायचं, पटवायचं, आणि दुरुस्ती उगमाशीच करायची. आमच्या धंद्यातले जाणते दुसरी वाट सांगतात. पण जाणत्यांची रोपं करपत नसतात. ज्याचं जळतं त्याला कळतं. काकू म्हणाली, "खोडून टाक ती ओळ," आणि मी खोडली.

त्या दुपारी फॉगर पहिल्यांदा भर उन्हात चालले. धुक्यात ऊन पडून इंद्रधनुष्याचा एक तुकडा दिसत होता आणि काकूनं त्याचेही फोटो काढले. आम्ही दोघी इतक्या खूश होतो की ती ओळ त्यानं मुळात का लिहिली असेल हा प्रश्न दोघींच्याही डोक्यात आला नाही.

चारेक दिवसांनी रोहिणखेडला लग्न होतं. काकू आणि काका तिकडे गेले, मी माडीवर कंपनीच्या मीटिंगमध्ये. सेन्सरच्या जोडाशी धुक्याचं पाणी शिरलं, आणि ओल्या जोडातून आकडा आला ऐंशीच्या वरचा. खोटा आकडा ओळखणारी ओळ आम्ही खोडून टाकली होती. बोर्डाला वाटलं वावराला आग लागली आहे. व्हॉल्व्ह उघडला आणि टाकी रिकामी होईपर्यंत उघडाच राहिला. संध्याकाळी काकू लग्नातली साडी न बदलता नेटमध्ये गेली तेव्हा एका बाजूचे ट्रे चिंब होऊन वाहत होते. पुढच्या काही दिवसांत त्यातली रोपं देठाशी सडून आडवी पडली.

मोठे बाबा येऊन बघून गेले. ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीत हेच त्यांचं अवघड आहे. मला म्हणाले, "तिले सांग, हे राह्यलेले तरी वाचव. हे बी गेले तर मंग मले नको सांगू." काकू तिथंच, हातभर अंतरावर, ट्रे रिकामे करत होती. मी निरोप सांगितला नाही. सांगण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं.

ओळ परत घातली तर फॉगर दुपारी झोपणार, आणि काढली तर ओल्या तारेनं रोपं बुडणार. मी ओळ परत घातली, आणि काकूनं दुपारचं काम स्वतःकडे घेतलं. पदरात कांदा बांधून, डोक्याला ओलं फडकं गुंडाळून ती भर उन्हाची नेटमध्ये बसायची आणि हातानं व्हॉल्व्ह उघडायची, बंद करायची. जाळीखाली वारा नसतो, उकडलेल्या मातीचा वास असतो. मी म्हणायची, मी बसते. ती म्हणायची, "तू तुह्या त्या माणसाले लिही. थे काम मले येत नाही."

म्हणून मी वरच्यांना लिहिलं. व्यवस्थित लिहिलं: काय होतं, कधी होतं, कुठल्या ओळीमुळे होतं. दुसऱ्या दिवशी त्या प्रकल्पात मदत करणाऱ्या कुणा एकाचं उत्तर आलं. सेन्सर थेट उन्हात टांगला असणार, तो सावलीत टांगावा, ही चूक वापरणाऱ्याची आहे. आणि त्यानं तक्रार बंद करून टाकली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी असं उत्तर टाइप केलं की त्याच्या सात पिढ्या भूगोल शिकल्या असत्या. काकू दूध द्यायला माडीवर आली होती. तिनं विचारलं काय झालं, आणि मी सगळं मराठीत करून तिला वाचून दाखवलं, माझं उत्तरसुद्धा.

"तू भासऱ्याइशी अशी बोलतं का?" काकू म्हणाली.

"त्यांच्याशी कशाला असं बोलेन?"

"मंग याच्याशी काऊन? त्यानं पाह्यलं हाय का आपलं ऊन?" ती पेला ठेवून जायला वळली आणि दारात थांबली. "त्याले दाखव ना. दाखवल्याबिगर कोणी काऊन मानंन?"

ते उत्तर मी पुसलं. अजूनही मला त्याची थोडी हळहळ वाटते, कारण ते फार छान लिहिलं गेलं होतं.

गावातल्या शाळेच्या विज्ञानाच्या सरांकडून काचेचा तापमापक मागून आणला. सेन्सर सावलीत, ट्रेच्या टेबलाखाली टांगला आणि काकूनं त्याच्या शेजारी तापमापक धरला. मी फोटो काढला. त्यात काकूचा हात आहे, हिरव्या बांगड्या आहेत, आणि पारा बेचाळीसच्या चांगला वर उभा आहे. मग त्या एका दिवसाचे, सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे सगळे आकडे, न गाळता, जसे सेन्सरनं दिले तसे नोंदवले. त्याच दिवशी दुपारी काकूनं मुद्दाम जोडावर पाण्याचा हबका मारला, म्हणजे ओल्या तारेचं वेडही त्यात यावं. ही युक्ती दोघींची मिळून होती. हबका मारण्याची हौस तिची एकटीची. हे सगळं मी वरच्यांकडे पाठवलं आणि खाली लिहिलं, हे आकडे सावलीतले आहेत, आमच्याकडे लोक या हवेत काम करतात.

या वेळी उत्तर ज्यानं तो प्रोग्राम मुळात लिहिला त्याचं स्वतःचं आलं. सकाळी आमच्याकडे गाई पिळून झाल्या होत्या तेव्हा मी ते वाचलं. त्यानं आधी क्षमा मागितली. मग ती ओळ का लिहिली ते सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच्या काचघरात तार ओली होऊन असाच खोटा आकडा आला होता आणि सगळी रोपं एका दिवसात गेली होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यानं ते फुंकणं प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं, आणि ते आमच्या उन्हाला लागलं. मी ते वाचलं आणि माझा उरलासुरला राग गेला. त्याची रोपं आणि काकूची रोपं एकाच ओल्या तारेनं गेली होती.

पुढं त्यानं लिहिलं होतं की मर्यादा पन्नासवर नेऊन भागणार नाही, कारण उद्या आणखी कुणाचा उन्हाळा आणखी तापलेला निघेल. तुम्ही पाठवलेले आकडे बघा, तो म्हणाला, ऊन सावकाश चढतं, पण ओल्या तारेचा आकडा एकदम उडी मारतो. तेव्हा किती वर गेला हे बघू नये, कसा वर गेला ते बघावं. आणि शेवटी, फार सांभाळून, एक वाक्य होतं: सेन्सर बिघडला तर फॉगर पूर्ण बंद ठेवायचे, हे मात्र माझं नाही, ते तुमच्या प्रोग्राममध्ये आहे. ते खरं होतं. मी मान हलवली, जणू तो समोर बसला होता.

मग आम्ही दोघांनी मिळून ते लिहिलं. त्याचा भाग त्याच्याकडे, माझा माझ्याकडे: सेन्सर बिघडला तरी फॉगर बंद न ठेवता ठरावीक वेळानं थोडं धुकं सोडत राहायचं. मी लिहून पाठवायची, तो चार ठिकाणी खुणा करून परत पाठवायचा. त्याचा तो सुरुवातीचा मदतनीसही आला, आणि माझ्या एका ओळीतली खरीच चूक दाखवून गेला, तेव्हा मी त्याला मनातल्या मनात माफ केलं. मला घाई होती, त्यांना नव्हती. फुकट काम करणाऱ्या माणसाला घाई करायचा हक्क कुणालाच नसतो, हे मला माझ्या खालच्यांकडून चांगलं माहीत आहे. पण रोज दुपारी खिडकीतून वावराच्या बाजूला हिरवी जाळी दिसायची आणि तिच्याखाली कोण बसलं आहे हे मला ठाऊक असायचं. शेवटी मी त्याला तेही लिहिलं. रागानं नाही, जसं आहे तसं. हा आकडा येतो तेव्हा माझी काकू तिथं बसून हातानं पाणी सोडते, आणि रोपं गेली तर तिचं नेट जाईल, असं.

त्यावर उत्तर यायला दोन दिवस लागले. मग त्याचं लांबलचक पत्र आलं. त्याच्या देशात घराघरात एक लाकडी खोली असते, ती भट्टीसारखी तापवून माणसं हौसेनं घाम काढत बसतात. त्यानं आमचा नवा प्रोग्राम बोर्डावर घातला, सेन्सर त्या खोलीत टांगला आणि खोली हळूहळू तापवली. आकडा बेचाळीसवर गेला, आणखी वर गेला, आणि सेन्सर कुठंही झोपला नाही. त्यानं लिहिलं होतं, मीही सेन्सरबरोबर आत बसलो, अंगात कामाचे कपडे घालून, तुमच्या काकूंच्या तापमानाला. थोड्या वेळानं बाहेर आलो. त्या खरंच तिथं दुपारभर असतात का?

मी काकूला वाचून दाखवलं. काकूनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "त्याले म्हणा, कांदा ठेवत जा जवय." थोडं थांबून म्हणाली, "अन् म्हणा, बसलास थे बेस केलं."

नवी आवृत्ती सगळ्यांसाठी बाहेर पडायच्या आधी त्यानं ती आम्हाला दिली. तुमच्याकडे चालली तर कुठंही चालेल, असं लिहून. त्या दुपारी काकू सवयीनं नेटमध्ये जाऊन बसली, हात व्हॉल्व्हवर. ऊन चढत गेलं. बोर्डावरचा आकडा बेचाळीसच्या पुढं सरकला आणि व्हॉल्व्ह आपोआप उघडला. धुकं खाली आलं. काकूनं हात काढून घेतला, पण उठली नाही. मग मी जोडावर हबका मारला. आकडा उडाला, बोर्डानं तो खोटा म्हणून टाकून दिला, आणि फॉगर माझ्या नव्या नियमानं थोडं थांबून, थोडं चालून, आपल्या गतीनं चालत राहिले. रोपं ना करपली, ना बुडाली. मला रडू येईलसं वाटलं, म्हणून मी उगीच तार तपासत बसले. काकू बाहेर येऊन बाभळीच्या सावलीत आडवी झाली आणि कित्येक दिवसांनी दुपारची झोपली.

आवृत्ती बाहेर पडली. लोणारच्या माणसानं ती घेतली आणि मला फोन करून सांगितलं, "आता आणखी छान चालतंय, तार मी सांगितली तशी जोडली असणार तुम्ही." मी हो म्हणाले. कधीकधी हो म्हणणं स्वस्त पडतं.

त्या आवृत्तीबरोबर वरच्या माणसानं आणखी एक गोष्ट केली होती. ती मी संध्याकाळी काकूला समजावून सांगितली. काकू दारात तांदूळ निवडत होती आणि मोठे बाबा ओसरीवर नेहमीच्या जागी. त्यानं आपण पाठवलेले त्या दिवसाचे सगळे आकडे प्रोग्रामसोबत कायमचे ठेवून दिले आहेत, मी म्हणाले. यापुढं जगात कुणीही, कुठंही, त्या लिखाणात बदल करून पाठवला, तर तो बदल आधी त्या आकड्यांवर चालवून बघितला जाणार. चढतं ऊन, तू मारलेला हबका, सगळं. त्यात तो नापास झाला तर आत घेतला जाणार नाही.

काकूचा हात तांदळात थांबला. "म्हणजे कोणीबी आला तरी त्याले पयले माह्या नेटमधी दुपारचं बसा लागते?"

"हाव," मी म्हणाले.

"बसू दे मंग," काकू म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मोठ्या बाबांनी तंबाखू मळायची थांबवली होती.

रोपं तयार झाली. राहिलेली सगळी. मिरची लावणारे लोक मोटारसायकलींवर, टेम्पो घेऊन आले आणि ट्रे उचलून घेऊन गेले. रोहिणखेडचा एक म्हातारा रोपाचं देठ बोटांत धरून बघत म्हणाला, "उन्हात वाढलेली दिसते." काकूनं त्याला हा सगळा इतिहास सांगायचं टाळलं आणि पाणी दिलं. थोड्या दिवसांत मांडव रिकामा झाला. हिरव्या उजेडात नुसती टेबलं उभी राहिली.

मग एका सकाळी मोठे बाबा खांद्यावर पहार घेऊन नेटकडे येताना दिसले. काकू आणि मी आत रिकामे ट्रे धूत होतो. खांब काढून गोठ्याला न्यायचे तर पहारच लागते. रोपं वाचली, सगळी विकली गेली, तरी माणूस पहार घेऊन का येतो? काकूनं पदर डोक्यावर घेतला आणि सवयीनं टेबलाच्या मागं सरकली. मीही सवयीनं दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

मोठ्या बाबांनी एका खांबाला हात लावला, हलवून पाहिला. वर तोट्यांकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्यावरून पलीकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "हे वाढवाचं म्हटलं तर कुठून वाढवाचं? विहिरीकडून का रस्त्याकडून?"

मी निरोप सांगायला तोंड उघडलं. काकूनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"विहिरीकडून," ती म्हणाली. "रस्त्याकडून धूळ येते."

"हाव," मोठे बाबा म्हणाले आणि विहिरीच्या बाजूला जाऊन त्यांनी पहार जमिनीत घातली. जमीन उन्हानं दगड झाली होती. काकू टेबलामागून बाहेर आली आणि खड्डा कुठं घ्यायचा ते बोटानं दाखवू लागली. मधे उभं राहून करायला मला आता काही काम नव्हतं, म्हणून मी बादली उचलली आणि जमीन भिजवायला पाणी आणायला गेले.